एका सावळ्या चेहऱ्याचे गणित

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला मी येरमाळ्याला आक्काकडे गेलो तो काखेत एक फ्रेम मारून, आणि संध्याकाळी कळंबला परत आलो तो तीच फ्रेम पुन्हा काखेत मारून. बहिणीने भावाची ओवाळणी परत केल्याचे आमच्या घराण्यात तरी दुसरे उदाहरण नाही.

फ्रेममध्ये आमच्या मायचा फोटो होता. मायचा आयुष्यात एकच फोटो निघाला. १९६९ साली येडाईच्या चैत्री यात्रेत एका फिरत्या फोटोवाल्याने रंगवलेल्या पडद्यापुढे तिला बसवले. मांडीवर दोन वर्षांचा मी आणि शेजारी परकर नेसलेली आक्का. मूळ फोटो आता पिवळा पडला आहे आणि कोपऱ्यात कसरीने खाल्ला आहे. तेव्हा मी तो एका दुकानात 'नवा' करून आणला. दुकानदाराने कॉम्प्युटरवर डाग काढले आणि त्याबरोबर मायच्या तोंडावरचे देवीचे व्रणही काढले. वर तिला चांगली गोरीपान करून दिली.

आक्काने चष्मा पुसून फोटो जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाली, "बापू, ही कोण रं बाई?"

"अगं, माय!"

"माय सावळी होती. हिला मी वळखत न्हाई."

विषय संपला. मी तिला माझ्या फोनमधला मूळ फोटो दाखवू लागलो, तर म्हणाली, "फोनमधली माय फोन बंद झाला की जाती. मला भिंतीवर पाहिजे."

उन्हाने छापायची विद्या

मी शाळेत विज्ञान शिकवून नुकताच निवृत्त झालो आहे. नववीच्या मुलांकडून मी दरवर्षी पिंपळाच्या पानांचे निळे छाप काढून घेत असे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी कोणी इंजिनिअर किंवा ओव्हरसिअर होते त्यांनी निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचे नकाशे पाहिले असतील. ब्लू प्रिंट म्हणतात ती हीच. या पद्धतीचे मूळ नाव सायनोटाइप. जॉन हर्शल या इंग्रज शास्त्रज्ञाने ती १८४२ साली शोधली, आणि पुढच्याच वर्षापासून ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्रातल्या शेवाळांचे निळे छाप काढून त्यांचे पुस्तक करायला घेतले.

कृती पापड लाटण्याहून अवघड नाही. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवावे. दुसऱ्या बाटलीत पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम तितक्याच पाण्यात. दोन्ही समभाग मिसळून मंद उजेडात जाड कागदावर ब्रशने फासावे आणि अंधारात वाळवावे. मग त्यावर निगेटिव्ह ठेवून, वर काच दाबून उन्हात धरावे आणि पाण्याने धुवावे. जिथे ऊन लागले तिथे कागद निळा होतो, जिथे लागले नाही तिथले रसायन धुऊन जाते.

म्हटले, दुकानदाराला हात जोडावेत आणि मायला आपणच छापावे. कळंबला पाणी कधी कमी पडते, वीज कधी जाते, पण उन्हाचा तुटवडा मांजरेच्या काठी कधी कोणी पाहिला नाही.

अडचण निगेटिव्हची होती. हा कागद इतका मंद असतो की त्यावर लहान निगेटिव्ह मोठे करून छापता येत नाही. जेवढे चित्र हवे तेवढेच निगेटिव्ह लागते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी होते. त्या काळी कॅमेराच चित्राएवढा असे, म्हणून निगेटिव्हही तेवढे मिळे. आता ते काम घरचा इंकजेट प्रिंटर करतो. कॉम्प्युटरवर फोटोतले काळे ते पांढरे आणि पांढरे ते काळे करायचे, आणि पारदर्शक फिल्मवर छापायचे. डॅन बर्कहोल्डर या अमेरिकन छायाचित्रकाराने १९९५ साली यावर पुस्तक लिहिले आणि जगभरचे हौशी लोक या नादाला लागले. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका स्नेह्याने मला शाई धरणारी फिल्म दिली आणि मीही लागलो.

पहिला डाव फसला

पहिला छाप पाण्यातून वर आला तेव्हा सौ. शेजारी उभी होती. कागदावर निळा पदर आला, निळे केस आले आणि मध्ये पांढराशुभ्र चेहरा. गाल नाही, व्रण नाहीत, हनुवटीखालची सावली नाही.

"तुमच्या मशिननं सुद्धा सासूबाईंना पावडर लावूनच दिली की!" सौ. म्हणाली. मग जरा वाकून पाहिले आणि पुढे म्हणाली, "आणि फुली उजव्या नाकात कशी?"

फुलीची चूक सोपी होती. निगेटिव्हची शाईची बाजू कागदाला टेकवायची असते, म्हणून छापण्यापूर्वी चित्र आरशातल्यासारखे उलटून घ्यावे लागते. ते मी विसरलो होतो. पण पावडरीचे काय? मी ऊन वाढवून पाहिले. गाल जरा निळसर झाले, तर पदर, केस आणि मागचा पडदा यांचा एकच गोळा झाला. ऊन कमी केले तर सगळे चित्रच आजाऱ्यासारखे फिके. पंधरा दिवस असा अंदाजपंचे खेळ चालला आणि कागद संपले.

शेवटी पुण्यात कॉम्प्युटरचे काम करणाऱ्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, तुमचा प्रिंटर चुकत नाही आणि कागदही चुकत नाही. त्या दोघांची ओळखच नाही. तुम्ही पोरांना मोजायला शिकवलंत आणि आता स्वतः अंदाजानं चाललात?"

भाच्याकडून कान उपटून घ्यायला निवृत्तीच व्हावी लागते. पण बोलणे खरे होते.

घड्याळाची गोष्ट

समजा, तुमच्या घरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे. तुम्ही घड्याळ फेकत नाही, मनात दहा मिनिटे वजा करता. आता समजा, तेच घड्याळ सकाळी मागे, दुपारी बरोबर आणि रात्री पुढे असते. मग एक वजाबाकी पुरत नाही. दर तासाला खरी वेळ काय, याचा तक्ता भिंतीवर लावावा लागेल. निळ्या कागदाचे घड्याळ या जातीचे आहे. फिक्या छटांना तो मागे पडतो आणि गडद छटांना पुढे धावतो. सगळा फोटो उजळ किंवा गडद करणे म्हणजे एकच वजाबाकी करणे. खरा उपाय तक्त्याचा. तो तक्ता कागदावर रेषेने काढला की तिला वक्ररेषा म्हणतात.

ही युक्ती आजची नव्हे. हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघा मित्रांनी, एक रसायनशास्त्रज्ञ आणि एक इंजिनिअर, १८९० साली इंग्लंडात प्रकाश किती दिला आणि काच किती काळी झाली याचा आलेख मांडला. प्रकाशाच्या हिशेबात फोटोची काच सरळ रेषेत चालत नाही, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले.

मी तीन पायऱ्यांनी गेलो. पहिली पायरी उन्हाची. शाई नसलेली कोरी फिल्म रसायन फासलेल्या कागदावर ठेवली आणि पुठ्ठा दर दोन मिनिटांनी सरकवत गेलो. बारा मिनिटांपर्यंत निळा गडद होत गेला, त्यापुढे नाही. म्हणजे दुपारी साडेअकरा ते साडेबाराच्या निरभ्र उन्हात बारा मिनिटे, हा माझा नेम ठरला. तो बदलायचा नाही. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर चोर कोण ते कळत नाही.

दुसरी पायरी छटांची. कॉम्प्युटरवर एकवीस चौकटींची पट्टी काढली. पहिली पांढरी म्हणजे ०, शेवटची पूर्ण गडद म्हणजे १००, आणि मध्ये पाच-पाचने चढणारा जिना. त्याचे निगेटिव्ह छापले, बारा मिनिटे ऊन दिले, धुतले आणि एक दिवस तसेच ठेवले. हा निळा हवेने दिवसभर गडद होत असतो, त्यामुळे ओल्या कागदावर निकाल देऊ नये.

दुसऱ्या दिवशी पट्टी स्कॅनरवर ठेवून आकडे वाचले आणि पंधरा दिवसांचे कोडे सुटले. पहिल्या सात चौकटी, म्हणजे ० ते ३०, सगळ्या कोऱ्या. शेवटच्या चार सगळ्या सारख्याच निळ्या. जिन्याच्या एकवीस पायऱ्यांपैकी चढण्याजोग्या मधल्या दहाच. ५० मागितले तिथे २४ मिळाले होते, ६५ मागितले तिथे ५०, आणि ८० मागितले तिथे ८५.

आता मायचा फोटो तपासला. तिच्या उजेडाकडच्या गालाच्या छटा २० ते ३० मध्ये होत्या. म्हणजे तो गाल, त्यावरचे देवीचे व्रण, सगळे नेमके त्या कोऱ्या चौकटींत पडत होते. कुणी मुद्दाम तिला गोरे केले नव्हते. कुणी मोजले नव्हते, एवढेच.

तिसरी पायरी तक्ता उलटा वाचण्याची. ५० हवे असतील तर ५० मागू नयेत, ६५ मागावेत. २४ हवे तर ५० मागावेत. ८५ हवे तर ८० पुरेत. आणि पांढरे हवे तर ३० च्या चौकटीइतकी शाई पुष्कळ झाली, त्यावरची शाई फुकट. फोटो दुरुस्त करायच्या प्रोग्राममध्ये अशी रेषा वाकवायची सोय असतेच. तिच्यावर हे आकडे एकेक करून बसवले आणि जपून ठेवले.

बोअरच्या पाण्याने घातलेला घोळ

तक्ता लावून पट्टी पुन्हा छापली. जिना बराच नीट आला. चौथ्या दिवशी छापली तर पुन्हा फिक्या पायऱ्या गायब! ऊन तेच, कागद तोच, मिनिटे तीच. बदलले काय? पाणी. आधी नळाचे वापरले होते, त्या दिवशी नळ आला नव्हता म्हणून बोअरचे. आमच्या बोअरच्या पाण्याने तपेल्याला पांढरा थर बसतो. पाणी अल्कधर्मी असले की हा निळा रंग विरतो, आणि पहिला बळी जातो तो फिक्या छटांचा. कपड्यावर काढलेला असा छाप कोणी सोड्याने धुतला तर तो पिवळटच होतो.

उपाय सौ.च्या फडताळात निघाला. धुण्याच्या पहिल्या पाण्यात चमचाभर लिंबूसत्व टाकले. फिक्या छटा टिकल्या, इतकेच नव्हे तर पूर्वीपेक्षा जास्त उमटल्या. पण त्यामुळे पहिला तक्ताही रद्द झाला. पुन्हा पट्टी, पुन्हा एक दिवस वाट पाहणे, पुन्हा एकवीस आकडे. तक्ता हा नुसत्या प्रिंटरचा नसतो. प्रिंटर, फिल्म, कागद, ऊन आणि पाणी या सगळ्यांचा मिळून तो एक असतो. दुसऱ्याचा आणून आपल्या घरी चालत नाही. पुण्याचा तक्ता कळंबला लागू पडत नाही, हे मला पूर्वीच ठाऊक असायला हवे होते.

चैत्री पौर्णिमा

फाल्गुनात एका दुपारी मायला पुन्हा उन्हात ठेवले. बारा मिनिटांनी काच काढली, कागद लिंबूसत्वाच्या पाण्यात सोडला. आधी पदर आला, मग केस, ते पदरापासून वेगळे. मग हळूहळू गाल भरत गेला आणि त्यावर एकेक व्रण उमटला. सौ. काही बोलली नाही. नळ बंद करायचे मात्र दोघांनाही सुचले नाही.

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला यात्रा होती. ज्या यात्रेत तो फोटो निघाला त्याच यात्रेला मी नवी फ्रेम काखेत मारून आक्काकडे गेलो. या खेपेला तिने चष्मा पुसला नाही. फ्रेम मांडीवर घेतली आणि काचेवरून बोट फिरवत राहिली, गालावरून, मग फुलीवरून.

"निळी केलीस व्हय रं मायला?" एवढेच म्हणाली.

"निळी झाली खरी. सावळी आहे की नाही ते सांग."

"हाय की." मग उठली, भिंतीवरचे कॅलेंडर काढले आणि खिळ्याकडे बोट दाखवले. "वर नगं लावू. मला उभ्यानं तोंडापुढं दिसंल अशी लाव."

मी तिला सांगितले, की दारासमोर लावू नकोस, उन्हाने हा रंग फिका होतो. कधी फिका वाटलाच तर थोडे दिवस अंधारात ठेव, हवेने तो बराचसा आपोआप परत येतो.

"परत येती?" आक्काने विचारले.

"येते. हा रंगच तसा आहे."

आक्काने मान हलवली आणि उन्हाच्या बाजूची खिडकी लोटून घेतली. दुकानातली ती गोरी फ्रेम अजून माझ्या कपाटावर पडून आहे. तिचा फोटो काढून त्या काचेत आता मावशीसाठी दुसरी प्रत बसवायची आहे. यंदाच्या भाऊबीजेची ओवाळणी म्हणून आक्काने तेवढीच मागितली आहे.