फ्रेमआधी बाहुल्यांचं माप

ऑनलाइन चष्मा मागवताना फ्रेमच्या रंगाआधी एक आकडा हाताशी हवा: दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर. प्रौढांमध्ये ते साधारण ५४ ते ७४ मिलिमीटर असतं. भिंगाचा प्रकाशीय मध्य बाहुलीसमोर आला नाही, तर भिंग प्रिझमसारखं किरण वळवतं. उणे ५ नंबरच्या भिंगात ४ मिलिमीटरची चूक म्हणजे २ प्रिझम डायॉप्टर (किरण वळण्याचं एकक) इतकं वळण. त्यातून डोळ्यांवर ताण येतो, डोकं दुखतं. म्हणून डोळे तपासतानाच हे माप लिहून घ्या.

जुन्या चष्म्याच्या काडीवर ५२-१८-१४० असे आकडे असतात: भिंगाची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी. नवी फ्रेम त्याच्या जवळपासची निवडा. उणे नंबर मोठा असेल तर लहान, गोलसर फ्रेम घ्या. भिंगाच्या कडा पातळ राहतात आणि चष्मा शोभूनही दिसतो.