दादा, बॉस आणि ८०५५

महाराष्ट्रात गाडीचा नंबर वाचायचा नाही, ओळखायचा, अशी एक रीत गेल्या दोन-तीन दशकांत चांगलीच रुजली होती. इंग्रजी २ थोडा वळवला की र होतो, १ चा काना, ४ चा कधी म, कधी द. वर शिरोरेषा ओढली की २१४ चा ‘राम’ तयार. ४१४१ चा ‘दादा’ आणि ४९१२ चा ‘पवार’ही असाच. ८०५५ ला तर शिरोरेषेचीही गरज नव्हती, त्याचा सरळ इंग्रजीत ‘बॉस’ व्हायचा. ही कारागिरी चौकातल्या रेडियमवाल्याची. गाडी शोरूममधून निघाली की पहिला मुक्काम त्याच्याकडे.

हे सगळं बेकायदा होतं आणि ते पहिल्या दिवसापासून बेकायदा होतं. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला पन्नासावा नियम स्पष्ट आहे: अक्षरं इंग्रजी, आकडे इंग्रजी पद्धतीचे. एक्कावन्नावा नियम तर मिलिमीटरमध्ये बोलतो. मोटारीच्या पाटीवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच, रेघेची जाडी १०, दोन अक्षरांतलं अंतरही १०. या मोजमापात दादा, मामा, भाऊ कुणीच बसत नाही. हौसेने लावलेली देवनागरी पाटीही बसत नाही. त्यावरून आपल्याकडे बरेच वाद झाले. माझं मत विचाराल तर गाडीच्या मागच्या काचेवर मराठीत हवं ते लिहावं, पाटी मात्र धडक देऊन पळणाऱ्याचा नंबर परप्रांतातल्या माणसालाही टिपता यावा यासाठी असते.

मग इतकी वर्षं चाललं कसं? एक तर दंड. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७खाली पहिल्या वेळचा दंड २०१९पर्यंत जास्तीत जास्त शंभर रुपये होता, आणि शंभर रुपयांत ‘दादा’ होता येत असेल तर कोण सोडेल? दुसरं, आकडा कायदेशीरच होता. आरटीओ पसंतीचे नंबर स्वतःच विकतं आणि त्यातून सरकारला बरं उत्पन्न मिळतं. ऑगस्ट २०२४मध्ये हे दर वाढले, तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी चारचाकीच्या ०००१ साठी सहा लाख रुपये ठरले. म्हणजे ८०५५ पैसे मोजून घ्यायला मुभा, ‘बॉस’ असा रंगवायला मनाई. हा फरक रस्त्यावरच्या हवालदाराने माणसाला समजावून सांगायचा, तेही गाडीत खरोखर एखादा दादा बसलेला असताना.

सजावटीच्या बाकीच्या प्रकारांचं नशीब वेगवेगळं निघालं. काळ्या काचा सर्वात झटपट गेल्या. समोरच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जावा, असा नियम आधीपासून होता. पण तो मोजायचं यंत्र पोलिसांकडे क्वचितच असे. २७ एप्रिल २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्नच मोडीत काढला: फिल्म कितीही पातळ असो, वरून चिकटवायचीच नाही. मोजणी संपली आणि भर रस्त्यात नखाने फिल्मा सोलल्या जाऊ लागल्या. पुढे सुरक्षा काचेचे नियम बदलले आणि २०२४मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मर्यादेत बसणाऱ्या फिल्मला दंड करता येणार नाही असं म्हटलं, त्यामुळे हा विषय पुन्हा थोडा उघडला आहे.

लाल दिवा १ मे २०१७पासून उतरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्राने राज्यांना बुलबारवर कारवाई करायला सांगितलं. ही मला या साऱ्यातली सर्वात रास्त बंदी वाटते. बंपरपुढे लोखंडी कठडा लावला की धडकेचा जोर बंपरच्या चुरा होणाऱ्या भागात जिरण्याऐवजी थेट चासीकडे जातो, एअरबॅग वेळेवर उघडेल याचा भरवसा राहत नाही, आणि समोर सापडलेल्या पादचाऱ्याचं काय होतं ते सांगायला नको. रुबाबासाठी लावलेली वस्तू लावणाऱ्यालाही वाचवत नव्हती. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२चा अर्थ लावताना बजावलं की कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

पाटीवर मात्र दंडाने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो पाटीच बदलल्यामुळे. उच्च सुरक्षा पाटीची अधिसूचना मार्च २००१मधली. खासगी गाड्यांच्या काळ्या पाट्या पांढऱ्या झाल्या त्या तेव्हाच्याच बदलांत. पण अ‍ॅल्युमिनियमची, अशोकचक्राच्या होलोग्रामची, लेझरने क्रमांक कोरलेली आणि एकदा बसवली की न मोडता न निघणारी ती पाटी निविदा आणि कोर्टकचेऱ्यांत अडकली. १ एप्रिल २०१९पासूनच्या नव्या गाड्यांना ती विक्रेत्याकडूनच लागू लागली. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात मार्च २०२५ची मुदत पडली, आणि मग एप्रिल, जून, ऑगस्ट, नोव्हेंबर अशी सरकत राहिली. दुचाकीला ४५० आणि चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी. शेजारच्या गोवा-गुजरातपेक्षा हे दर चढे आहेत, अशी ओरडही झाली.

पाटी छापून येते म्हटल्यावर शिरोरेषा ओढणार कुठे? चौकातल्या कॅमेऱ्यालाही दादा वाचता येत नाही, त्याला आकडेच लागतात. जे काम तीस वर्षं पोलिसांच्या पावतीपुस्तकाने झालं नाही ते एका साच्याने केलं. रेडियमवाल्याचा धंदा त्यात बसला, त्याचं मात्र कुणी नाव काढलं नाही.

जुनी गाडी घेणार असाल तर तीन गोष्टी आधी पाहा: गाडीचा रंग आरसीवरच्या रंगाशी जुळतो का, पुढे बुलबार आहे का, आणि पाटीवरचा होलोग्राम खरा आहे की रस्त्यावर चिकटवून घेतलेला.