घर आणि शाळा – भाग 6 : चौथी संपली, पाचवीला कुठं?

एप्रिल संपता संपता तासगाव तालुक्यात दोन विषयांवर बोलणं चालतं. बेदाण्याला दर काय निघाला, आणि पोराला पाचवीला कुठं घालणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा शाळेच्या नावात दिलं जातं. सावळज, मणेराजुरी, विसापूर, येळावी अशा मोठ्या गावांतली हायस्कुलं, नाहीतर थेट तासगाव, आणि ऐपत असेल तर सांगली. सेमी की साधी तुकडी, एसटी की शाळेची गाडी, हे ठरलं की घराला वाटतं तयारी झाली. गणवेश शिवायला टाकला, दप्तर आलं, विषय मिटला.

मागच्या भागात आपण पहिलीत पाऊल टाकणाऱ्या मुलांबद्दल बोललो होतो. त्या वेळी सगळं घर मुलाभोवती असतं. आजी फाटकापर्यंत जाते, बाप मोबाईलवर फोटो काढतो. पाचवीला तसं कोणी येत नाही. ‘आता मोठा झालास’ एवढं म्हटलं की भागतं. खरं तर पहिलीपेक्षा ही उडी मोठी आहे. पहिलीत गाव तेच राहतं, बरोबरची पोरं गल्लीतलीच असतात. पाचवीला गाव, गडी, गुरुजी सगळंच एका दिवसात बदलतं.

आधी कायदा बघू, कारण त्यावरून बरेच गैरसमज आहेत. आपल्याकडची जुनी रचना म्हणजे पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक आणि आठवीपासून माध्यमिक. म्हणून जिल्हा परिषदेच्या कुठल्या शाळेत चौथीपर्यंत वर्ग, कुठे सातवीपर्यंत, आणि संस्थांची हायस्कुलं मात्र पाचवीपासून दहावीपर्यंत. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ही वाटणी बदलली. त्याच्या लेखी पहिली ते पाचवी हा एक टप्पा आणि सहावी ते आठवी हा दुसरा. पहिला टप्पा घरापासून एक किलोमीटरच्या आत, दुसरा तीन किलोमीटरच्या आत मिळावा, असं नियम सांगतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मधला टप्पा सहावी ते आठवीचाच आहे. म्हणजे कागदावर पाचवी ही प्राथमिक शाळेची शेवटची इयत्ता, आणि आपल्या गावांत ती अजूनही हायस्कूलची पहिली. या फटीत आपली दहा वर्षांची पोरं उभी आहेत.

त्यातून पाचवीच्या वर्षावर किती गोष्टी येऊन पडतात ते मोजा. मराठी माध्यमात हिंदी हा विषय नव्याने सुरू होतो. (2025 मध्ये हिंदी पहिलीपासून आणण्याचा घाट घातला गेला होता. ओरड झाली, आणि जूनअखेर सरकारने ते आदेश मागे घेतले.) सेमी घेतलं तर गणित इंग्रजीतून येतं. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वर्षअखेरची परीक्षा आली आहे. नापास झाल्यास पुन्हा एकदा संधी मिळते, आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात बसावं लागतं. चौथीपर्यंत असलं काही नव्हतं. पलूसच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश हवा तर त्याची परीक्षाही पाचवीत असतानाच द्यायची. शिष्यवृत्ती परीक्षा 2016-17 पासून पाचवी आणि आठवीला होती. ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय आता झाला आहे, तेवढाच काय तो भार हलका. एवढं सगळं ज्या वर्षात येतं, त्याच वर्षी आपण मुलाची शाळाही बदलतो.

म्हणून माझं मत सरळ सांगतो. गावातली मराठी शाळा सातवीपर्यंत असेल, तिथे शिक्षक पुरेसे असतील आणि पोरगं नीट वाचत-लिहीत असेल, तर पाचवीला त्याला तालुक्याला धाडायची घाई करू नका. ‘हायस्कूलला लवकर सवय लागलेली बरी’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण त्याला आधार नाही. उलट बाजूचा पुरावा मात्र जुना आहे. अमेरिकेत मिलवॉकी शहरात रॉबर्टा सिमन्स आणि डेल ब्लाइथ या अभ्यासकांनी दोन प्रकारच्या शाळांतली मुलं वर्षानुवर्षं पाहिली. काही मुलं आठवीपर्यंत एकाच शाळेत राहिली, काहींना सातवीला नव्या मोठ्या शाळेत जावं लागलं. 1987 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. शाळा बदललेल्या मुलींचा स्वतःबद्दलचा विश्वास खाली आला होता, आणि वयात येणं, शाळा बदलणं असे बदल जितके एकाच वेळी आले तितका तो फटका मोठा होता. पुढे जॅकलिन एकल्स यांनी त्याचं कारण मांडलं. या वयात मुलाला आपल्याला ओळखणारं, विचारणारं मोठं माणूस हवं असतं, आणि नेमकं तेव्हाच शाळा मोठी, अनोळखी आणि कडक होते. मिलवॉकी आणि मांजर्डे यांत फरक आहे हे मान्य. पण दहा-अकरा वर्षांचं पोर दोन्हीकडे सारखंच असतं.

अर्थात ज्या गावात शाळा चौथीलाच संपते, तिथे निवड कसली? मळ्यातल्या वस्तीवरच्या शाळा बहुतेक अशाच. पोरगं जाणारच. मग त्याला तिकडे काय वेगळं भेटणार आहे, हे घराने आधी समजून घ्यावं.

मराठी शाळेत एक गुरुजी किंवा बाई दिवसभर वर्गावर असतात. पोराने डबा खाल्ला नाही, डोळे लाल आहेत, आई माहेरी गेली आहे, हे त्यांना न सांगता कळतं. हायस्कुलात दर तासाला शिक्षक बदलतात. घंटा झाली की पुस्तक बदलायचं, फळा पुसायच्या आत उतरवून घ्यायचं. सात-आठ शिक्षकांपैकी एकालाही जुलैपर्यंत त्याचं नाव पाठ नसतं, आणि यात कुणाचा दोष नाही. पन्नास-साठ पोरांची तुकडी, तीही दहा-बारा गावांतून आलेली. चौथीत जो वर्गाचा सेक्रेटरी होता, तो इथे शेवटून दुसऱ्या बाकावर बसतो. अभ्यासातही चौथीत वर्षभर शिवराय सोबतीला होते, आणि पाचवीत एकदम आदिमानव आणि दगडाची हत्यारं. सहावीला तर परिसर अभ्यास फुटून सामान्य विज्ञान, भूगोल, इतिहास व नागरिकशास्त्र अशी वेगळी पुस्तकं हातात येतात. पहिल्या चाचणीला गुण घसरले की आपण म्हणतो, पोरगं बिघडलं. बहुतेक वेळा ते फक्त हरवलेलं असतं.

तयारीसाठी मे महिना पुरतो. पण ती उन्हाळी क्लास लावून होत नाही.

पहिली गोष्ट रस्त्याची. दप्तर पाठीला, पोरगं पुढं आणि तुम्ही मागं, असं एक-दोनदा हायस्कूलपर्यंत जाऊन या. फाट्यावर कुठे थांबायचं, एसटीची पाटी कशी वाचायची, तासगाव स्टँडवर उतरून कोणत्या बाजूला चालायचं, हे त्याने तुम्हाला दाखवायचं. वाटेत तुम्ही बोलायचं नाही, चुकला तर थोडं चुकू द्यायचं. गाडी हुकली तर काय, हे आधी ठरवा. वडापमध्ये बसायचं का, बसायचं तर कुणाच्या, की फाट्यावरच्या दुकानात थांबून घरी फोन करायचा? दोन मोबाईल नंबर तोंडपाठ हवेतच, कारण फोनमध्ये साठवलेला नंबर पोराच्या डोक्यात नसतो. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे. मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश रकमेत पास मिळतो. जून 2024 पासून हे पास शाळेतच देण्याची सोय एसटीने सुरू केली आहे, तेव्हा डेपोत रांग लावण्यापूर्वी शाळेत विचारा. आणि शाळेची वेळ नीट विचारून घ्या. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश 2024 मध्ये निघाला, तो पाचवीला नाही. सकाळच्या सत्रात वर्ग असला तर वस्तीवरच्या पोराला अंधारातच उठावं लागतं.

दुसरी गोष्ट वहीची. वेळापत्रक बघून स्वतः दप्तर भरणं, गृहपाठ त्याच दिवशी टिपून घेणं, हरवलेली वही कुणाकडून मागायची ते कळणं, या सवयी चौथीपर्यंत गुरुजींच्या आधाराने निभावतात. मे महिन्यात घरातलीच कामं वारांवर लावून द्या. सोमवारी कोंबड्यांचं पाणी, मंगळवारी टाकी बघणं, असं कागदावर त्यानेच लिहायचं आणि त्यानेच खूण करायची. सेमी घ्यायचं का, याची कसोटीही घरीच घेता येते. मराठीतलं शाब्दिक उदाहरण वाचून त्यात काय विचारलंय ते पोराला स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का? येत असेल तर इंग्रजीतली बेरीज-वजाबाकी त्याला अडवणार नाही. येत नसेल तर भाषा बदलून काही होणार नाही, आधी तेच पक्कं करा. शेजारच्याने सेमी घेतलं हे कारण पुरेसं नाही.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड, म्हणून घरोघर टाळली जाते. पाचवी ते सातवी या वर्षांत बहुतेक मुली वयात येतात. पहिली पाळी शाळेत, एसटीत, अनोळखी ठिकाणी येऊ शकते. जून उजाडायच्या आत आईने, आजीने किंवा मोठ्या बहिणीने तिला सगळं सांगितलेलं असावं आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात पॅड ठेवलेलं असावं. कोणत्या मॅडमकडे जायचं, हेही ठरलेलं हवं. शाळा बघायला गेलात तर मैदान आणि संगणक कक्ष बघून परत येऊ नका, मुलींचं स्वच्छतागृह उघडून बघा. पाणी आहे का, कडी लागते का. मुलग्यांशीही बोलायला हवं, शरीराबद्दल आणि मोठ्या वर्गातल्या पोरांच्या दादागिरीबद्दल. चौथीत तो शाळेतला सगळ्यात मोठा होता, आता दहावीच्या मिसरूड फुटलेल्या पोरांत तो सगळ्यात लहान आहे. बाथरूमला जायलाही तो घाबरू शकतो, आणि तसं तो कधीच सांगणार नाही.

आता द्राक्षांचा विषय. तासगावात त्यावाचून शाळेचं बोलणं पुरं होत नाही. प्रवेश जूनमध्ये होतात, तेव्हा खरड छाटणी उरकलेली असते आणि घराला थोडी उसंत असते. म्हणून सुरुवातीला सगळं छान चालतं. मग फळछाटणी येते. डिपिंग, फवारण्या, ढगाळ हवा, डाऊनीची धास्ती. आई-बाप पहाटे बागेत, रात्री पुन्हा फवारणीचा पंप. त्याच सुमाराला सहामाही परीक्षा. जानेवारीपासून माल काढणी, मग शेडवर बेदाणा, आणि त्यातच वर्षअखेरची पाचवीची परीक्षा. ज्या महिन्यांत पोराला घराची खरी गरज, त्याच महिन्यांत घर बागेत असतं. ज्यांची स्वतःची बाग नाही, दुसऱ्याच्या बागेत टोळीबरोबर मजुरीला जातात, त्यांच्या घराला तर सकाळी सातलाच कुलूप लागतं आणि पोरगं किल्ली गळ्यात घालून शाळेला निघतं.

बाग सोडा असं कोण म्हणेल? पण छाटणी लागायच्या आधी घरातलं एक माणूस नेमून ठेवा. आजोबा, चुलती, बारावीतली ताई, कुणीही. त्याला अभ्यास येण्याची गरज नाही. रोज दहा मिनिटं पोराच्या वह्या उघडून बघायच्या आणि दोन प्रश्न विचारायचे. ‘कसं झालं आज?’ हा प्रश्न नको, त्याचं उत्तर ‘बरं’ असतं. ‘आज कुणाशेजारी बसलास? कुठल्या तासाला काही कळलं नाही?’ असं विचारलं की पोरगं बोलतं. आठ-पंधरा दिवस शेजारी कुणीच नाही असं कळलं, किंवा सकाळी पोट दुखायला लागलं आणि रविवारी दुखत नाही असं दिसलं, तर वर्गशिक्षकांना जाऊन भेटा. चाचणीच्या निकालाची वाट बघू नका.

जेवणाचंही थोडं. अनुदानित शाळेत पोषण आहार आठवीपर्यंत आहे. पाचवीपर्यंत 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावीपासून 700 आणि 20, असं त्याचं प्रमाण. हायस्कुलात गेल्यावर मोठ्या पोरांसमोर ताट घेऊन बसायची लाज वाटते, म्हणून काही मुलं उपाशी राहतात. डबा द्या किंवा ती लाज काढा, पण दुपारी काय खाल्लं हे विचारत चला.

कागदपत्रांत फार अडकू नका. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि लागू असेल तर जातीचा दाखला एवढं जवळ ठेवा. दाखल्यावरचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, ते जुन्या शाळेतून बाहेर पडायच्या आत तपासा. पुढे दहावीला त्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. कुणी परत पाठवलं तर कलमाचा नंबर सांगा.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. पोराच्या चौथीच्या गुरुजींना किंवा बाईंना भेटून नव्या वर्गशिक्षकांसाठी अर्धं पान लिहून मागा. पोराला काय छान येतं, कशात अडतं, कशाला घाबरतं, एवढंच. चार वर्षांत त्यांना जे कळलंय ते प्रगतिपुस्तकात मावत नाही. शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात तो कागद हायस्कुलात वर्गशिक्षकांच्या हातात द्या. पुढच्या भागात पाहू हायस्कुलाची बाजू. पाचवीच्या नव्या पोरांसाठी जूनमध्ये शाळेने काय करायला हवं, आणि पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या सभेत तुम्ही काय विचारायला हवं.