दोन दिवसांचे छोटे घर : भाडे ठरवताना काय पाहावे?

धंतोली म्हणजे नागपूरच्या दवाखान्यांची वस्ती. त्यांच्या आधाराने चालणारी औषधांची दुकाने आणि चहा-नाश्त्याच्या टपऱ्या यांना ठरावीक सुट्टी अशी नसते. मोमिनपुऱ्यातील कारागिराचेही तेच. दुकान बंद म्हणजे कमाई बंद, म्हणून वर्षानुवर्षे बायकामुलांना घेऊन कुठे जाणे होत नाही. दोन दिवसांची विश्रांती ही काही चैन नव्हे, घरच्यांचाही आपल्यावर हक्क आहे. मात्र ही विश्रांती कर्जाची किंवा भांडणाची ठरू नये, यासाठी व्यापारी बांधवांसमोर आम्ही काही बाबी ठेवत आहोत.

अलीकडे हॉटेलच्या खोलीऐवजी अगदी लहान स्वतंत्र घर दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने घेण्याची पद्धत वाढली आहे. अमेरिकेच्या २०१८ च्या घरबांधणी नियमावलीत ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला 'छोटे घर' मानून वेगळे नियम दिले आहेत. आपल्याकडे लाकडी खोली, तंबू किंवा मालवाहू कंटेनर कापून केलेले घर असते. वीस फुटी कंटेनर आठ फूट रुंद असतो. म्हणजे बाहेरून १६० चौरस फूट, साधारण दहा बाय सोळाच्या दुकानाएवढा. त्यातच पलंग, ओटा आणि न्हाणीघर. नवरा-बायको आणि दोन मुले यांना तो पुरतो, सात-आठ माणसांच्या कुटुंबाला नाही. माणसे लपवून नेली की मालक जादा पैसे मागतो आणि तंटा होतो. संख्या आधीच खरी सांगावी.

आपल्या दृष्टीने अशा घराचे दोन फायदे आहेत. ओटा आणि शेगडी असली तर घरचे हलाल जेवण करता येते, हॉटेलात चौकशी करत फिरावे लागत नाही. दुसरे, पडद्याची आणि नमाजची सोय राहते. पण 'किचन आहे' एवढ्यावर विसंबू नये. गॅस, भांडी, पिण्याचे पाणी भाड्यात आहे की वेगळे, आत मांस शिजवू देतात की नाही, हे स्पष्ट विचारावे.

नागपूरहून जाण्याजोगी ठिकाणे म्हणजे पेंच, ताडोबा आणि चिखलदरा. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात मंगळवारी सफारी बंद असते आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद राहते. हे न पाहता घर ठरवले तर भाडे वाया जाते. चिखलदरा अमरावती-परतवाडा मार्गे सुमारे २३० किलोमीटर असून उंची सुमारे १,१०० मीटर आहे. जवळच गाविलगडचा किल्ला आहे. बहामनी सुलतान अहमदशहा वली यांनी तो १४२५ च्या सुमारास बांधला आणि पुढे इमादशाही राजवटीत त्याची दुरुस्ती झाली. आतील जुनी मशीद आजही पाहता येते. मुलांना आपला इतिहास दाखवण्यासाठी ही जागा चांगली. उन्हाळ्यात जाणार असाल तर पत्र्याच्या घराला आतून उष्णता रोखणारा थर आहे का, हेही विचारावे. नाहीतर मे महिन्यात तो डबा भट्टी होतो.

आता हिशेब पाहू. समजा भाडे रात्रीला ३,००० रुपये आहे. दोन रात्रींचे ६,००० झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, म्हणजे ३०० रुपये. एकूण ६,३००. या कराची वजावट (इनपुट क्रेडिट) मिळत नाही, म्हणून दुकानाच्या खात्यात हे बिल घालून कर वाचेल असे समजू नये. त्यावर प्रवास, शिधा आणि दोन दिवसांची बुडालेली कमाई मिळवावी. ही बेरीज हाताशी असलेल्या पैशांत बसत असेल तरच निघावे. व्याजाच्या हप्त्यावर सहल करू नये.

सर्वांत जास्त वाद होतात ते आगाऊ रकमेवरून. शरीअतमध्ये भाड्याच्या कराराला इजारा म्हणतात. त्यात मुदत आणि भाडे दोन्ही आधी ठरलेले असले पाहिजे, 'मग बघू' चालत नाही. करार मोडल्यास बयाणा जप्त करणे बहुतेक फकीहांच्या मते नाजायज आहे, हंबली मताने ते जायज मानले आहे. व्यवहारात मात्र घरमालक रक्कम ठेवून घेतात. म्हणून पैसे देण्यापूर्वीच किती दिवस आधी रद्द केल्यास किती परत मिळेल, हे ठरवून घ्यावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. तीच सवय इथेही कामी येते. मोबाईलवरच्या संदेशात तारखा, येण्याजाण्याची वेळ, माणसे, भाडे, कर, अनामत आणि परतीची अट एवढे लिहून समोरच्याचा होकार घ्यावा. पोहोचल्यावर आधीच तुटलेल्या वस्तूंचे फोटो काढून मालकाला पाठवावेत, म्हणजे अनामत अडकत नाही.

आपले वेल्डर, सुतार, प्लंबर बांधव अशी घरे बनवून देण्याचे काम घेऊ शकतात. गिऱ्हाईक काय विचारते हे वरील यादीवरून कळेल. उष्णतेचा थर, वुजूसाठी सोयीचा नळ, मजबूत ओटा आणि जाळीची खिडकी ज्याच्या कामात असेल, त्याचे काम आपोआप बोलेल.

दुकानाच्या मालाचा भाव आपण दहा ठिकाणी विचारतो. घरच्यांच्या दोन दिवसांसाठीही तेवढीच चौकशी केली, तर इन्शाअल्लाह पैसा आणि विश्रांती दोन्ही सार्थकी लागतील.