कुलूपबंद घर आणि विम्याचे तीस दिवस

सोलापुरात सायंकाळी बाळीवेस, शुक्रवार पेठ या जुन्या भागांतून किंवा जुळे सोलापूरच्या नव्या वसाहतींतून फेरी मारली, तर दिवा न लागलेली कितीतरी घरे दिसतात. मुले पुणे, हैदराबाद वा बंगळुरूला स्थायिक झालेली, काही परदेशी गेलेली. आई-वडीलही वर्षातील बराच काळ त्यांच्याकडे. घर विकायचे मन होत नाही आणि भाड्याने देण्याची धास्ती वाटते. मग दाराला कुलूप लागते. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे २ कोटी ४६ लाख घरे रिकामी आढळली होती. शहरी भागातील रिकाम्या घरांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला असून ती सुमारे २० लाख आहेत, असे केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालात नमूद होते.

यांपैकी काही घरांचा विमा असतो. बहुधा गृहकर्ज घेताना बँकेने तो उतरवायला लावलेला असतो आणि मूळ कागद बँकेच्या फायलीत असतात. विमा आहे, म्हणजे घर सुरक्षित आहे, या समाधानात कुटुंब निश्चिंत राहते. मात्र ज्या दिवशी विमा उतरवला त्या दिवशी त्या घरात माणसे राहत होती, आज तेथे कोणी राहत नाही, ही गोष्ट कंपनीला कोणी कळविलेली नसते. बंद घराच्या विम्यातील सर्वांत मोठा धोका या न कळविण्यात आहे.

आपल्याकडील ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’ या अग्निविमा पॉलिसीत एक कलम वर्षानुवर्षे छापले जात आले आहे. इमारत तीस दिवसांपेक्षा अधिक काळ रिकामी राहिली आणि नुकसान होण्यापूर्वी कंपनीची लेखी संमती घेतलेली नसेल, तर त्या मालमत्तेवरील संरक्षण थांबते, असा त्याचा आशय आहे. घरासाठीच्या पॅकेज पॉलिसीतही, विशेषतः घरफोडीच्या भागात, अशीच मुदत असते. कोठे ३० दिवस, कोठे ६०. कोणत्या पॉलिसीत कोणती मुदत आहे आणि ती इमारतीला लागू आहे, सामानाला की केवळ चोरीला, हे कंपनीपरत्वे बदलते. त्यामुळे शेजाऱ्याच्या पॉलिसीवरून आपल्या पॉलिसीचा अंदाज बांधू नये.

आता सोलापूरकर कुटुंबाचे वेळापत्रक पाहू. २०२५ साली भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. दुसऱ्या दिवशी घर बंद करून गेलेले कुटुंब सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी, अक्षता सोहळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे १२ जानेवारीला परतले असे धरले, तर मधले दिवस भरतात ८०. यात्रेनंतर पुन्हा कुलूप लागले की ते पाडव्याला किंवा उन्हाळ्याच्या सुटीत निघणार. सणवारी न चुकता घरी येणारे हे कुटुंब स्वतःला ‘घर सोडून गेलेले’ मुळीच मानत नाही. विम्याच्या हिशेबात मात्र त्यांचे घर वर्षातून निदान दोन-तीन वेळा मुदतीबाहेर गेलेले असते. आठवड्यातून एकदा चुलतभाऊ येऊन झाडलोट करतो, एवढ्याने घर ‘राहते’ ठरेलच असे नाही. राहते घर म्हणजे जेथे माणसे नित्य वास्तव्य करतात ते.

ही अट पाहून कंपन्या पळवाट शोधतात, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिच्यामागचे तर्कशास्त्र खोटे नाही. माणसे असलेल्या घरात वायर जळाल्याचा वास लगेच येतो, गळका नळ त्याच दिवशी ध्यानात येतो. रिकाम्या घरात लहान बिघाडाला मोठे होण्यास भरपूर अवधी मिळतो.

याचे सर्वांत कठोर रूप थंड प्रदेशात दिसते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते आणि बंद घरातील नळ फुटतात. बर्फ वितळू लागले की आठवडाभर घरात पाणी वाहत राहते. म्हणून कॅनडातील गृहविम्यात सर्वसाधारणपणे अशी अट असते, की हिवाळ्यात चार दिवसांपेक्षा अधिक काळ बाहेर राहिल्यास रोज कोणीतरी येऊन घर तापविण्याची यंत्रणा चालू असल्याची खात्री करावी, किंवा पाणी बंद करून नळ पूर्ण रिकामे करावेत. अन्यथा गोठण्याने झालेली हानी भरून मिळत नाही. तेथे ‘अनुपस्थित’ आणि ‘रिकामे’ यांतही फरक केला जातो. सामानसुमान जागच्या जागी असून माणसे परतणार असतील तर ते पहिल्या प्रकारात मोडते. बिऱ्हाड हलवून नेले असेल तर दुसऱ्या. दुसऱ्या प्रकारच्या घराला तीस दिवसांनंतर विमा मिळविणे अवघड जाते. टोरांटोहून डिसेंबरच्या सुटीत सोलापूरला आलेल्या कुटुंबाला म्हणूनच दोन बंद घरांची काळजी वाहावी लागते. तिकडचे घर तीन आठवडे बंद असते, इकडचे उरलेले वर्षभर.

सोलापुरात नळ गोठत नाहीत, पण येथील पाण्याची वेगळीच तऱ्हा आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येण्याची शहराला जुनी सवय. कोरड्या दिवशी गावाला निघताना तोटी उघडी राहिली तर ते कळतच नाही. पाणी येते ते रात्री-अपरात्री, आणि घरात कोणी नसते. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या शहरात गच्चीवरील प्लॅस्टिकच्या टाक्या व जोड तडकतात. जुन्या पेठांतील माळवदाची घरे तर माणसांच्या देखभालीवरच उभी असतात. छताची माती दरवर्षी चोपावी लागते, उगवलेली रोपे उपटावी लागतात. दोन पावसाळे दुर्लक्ष झाले की तुळया कुजू लागतात. अशी झीज, मुरलेली ओल, वाळवी यांची भरपाई कोणतीही पॉलिसी देत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये पंढरपूर-सोलापूर परिसराने जो मुसळधार पाऊस आणि पूर पाहिला, तशा आपत्तीतील हानी विम्याच्या कक्षेत येते. मात्र भिंत त्या पुराने पडली की आधीच्या तीन वर्षांच्या ओलीने, हे बंद घराच्या मालकाला सिद्ध करता आले पाहिजे.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने सर्व साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी लागते. ती दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी घेता येते. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दंगल, तसेच पाण्याची टाकी वा नळ फुटणे आणि वाहणे हे धोके तिच्यात आहेत. इमारतीचा विमा घेतला की विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, एवढे संरक्षण सामानाला आपोआप लाभते. म्हणजे १८ लाखांच्या इमारतीमागे सामानाचे ३ लाख ६० हजार. जमिनीची किंमत मोजली जात नाही, बांधकाम पुन्हा उभारण्याचा खर्च धरला जातो. मात्र फुटलेल्या टाकीचे पाणी खालच्या मजल्यावर गेले, तर त्या शेजाऱ्याचे नुकसान हा वेगळा विषय आहे. त्यासाठी त्रयस्थ दायित्वाचे संरक्षण स्वतंत्रपणे घ्यावे लागते.

बंद घराच्या मालकाला खरी भीती असते चोरीची, आणि नेमकी तीच येथे अपुरी पडते. ‘भारत गृह रक्षा’मध्ये चोरीची भरपाई मिळते ती आग, पूर यांसारख्या विमित घटनेतून उद्भवलेल्या आणि त्या घटनेपासून सात दिवसांत झालेल्या चोरीचीच. एरवीच्या घरफोडीसाठी निराळी पॉलिसी लागते, दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते. घरफोडीच्या पॉलिसीतही बळाचा वापर करून प्रवेश झाल्याचे दिसावे लागते. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ही अट जशी लिहिली आहे तशीच वाचली आणि बळ वा हिंसेविना झालेल्या चोरीचा दावा अमान्य केला. नातेवाइकाकडे, मोलकरणीकडे, जुन्या भाडेकरूकडे अशा चार ठिकाणी किल्ल्या असलेल्या घराबाबत या निकालाचा अर्थ गंभीर आहे. किल्ली लावून आत शिरलेला चोर तुटलेली कडी मागे ठेवत नाही.

दुसरी अडचण तारखेची. ऐंशी दिवसांनी दार उघडल्यावर नुकसान दिसते. ते झाले कधी? मधल्या काळात पॉलिसीची मुदत संपून नूतनीकरण राहिले असेल, तर उत्तरावर सारा दावा अवलंबून असतो. निघताना प्रत्येक खोलीची तारीख उमटलेली छायाचित्रे घेणे, वीजमीटरचे वाचन टिपणे, दर पंधरवड्याला कोणाला तरी आत पाठवून त्याची वहीत नोंद ठेवणे, हे उपाय जवळजवळ विनाखर्चाचे आहेत. घर बंद असल्याचे लपविण्यात मात्र काही हशील नाही. महिनोन्‌महिने शून्याच्या आसपास युनिट दाखविणारी विजेची बिले ते सांगून टाकतात.

वडिलोपार्जित वाड्यांत आणखी एक गुंता असतो. मिळकत पत्रिकेवर आजोबांचे नाव, वारस पाच ठिकाणी आणि हप्ता भरणारा एकच. वारसाहक्काने मालकी आली म्हणून विमा संपत नाही, परंतु दावा करणाऱ्याला आपला हितसंबंध दाखवावा लागतो. वारस नोंद झालेली नसल्यास ऐन नुकसानीच्या वेळी कागद गोळा करणे फार जड जाते. पॉलिसीवर सर्व सहमालकांची नावे घालून घ्यावीत.

कंपनीला कळवायचे ते पत्राने किंवा ईमेलने, घर सोडण्यापूर्वी. कोणत्या तारखेपासून, साधारण किती काळ घर बंद राहील, किल्ली कोणाकडे आहे, पाणी व वीज मुख्य बटणापासून बंद केली आहे का, एवढे त्यात असावे. एजंटाला फोनवर सांगितले, हे पुरेसे नाही. कंपनीने संमती दिली तर ती एन्डॉर्समेंटच्या, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या लेखी दुरुस्तीच्या रूपात मागून घ्यावी. थोडा जादा हप्ता पडल्यास तो भरावा. नकार आला तरी तो लेखी असावा, कारण मग दुसऱ्या कंपनीकडे जाता येते. दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे जावे लागते. तीस दिवसांत समाधान न झाल्यास एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. सोलापूरकरांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे.