दुखतं तेव्हा काय करता?

मुळशी तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क येतं आणि ताम्हिणीकडची भातखाचरंही येतात. पौड रस्त्यावरच्या दवाखान्यात दोन्हीकडची माणसं एकाच बाकावर बसतात आणि बरेचदा तक्रारही एकच असते: डोकं दुखतंय. ऐन लावणीच्या दिवसांत अशा एका दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलाशेजारी बसून त्यांचं काम पाहायला मिळालं. नेहमीच्या डोकेदुख्या रक्ताच्या तपासणीत दिसत नाहीत, एमआरआयमध्येही दिसत नाहीत. त्या विचारूनच ओळखाव्या लागतात, आणि विचारणं हे केवढ्या कसबाचं काम आहे ते तिथे कळलं.

डॉक्टर प्रत्येकाचं बीपी बघत होते, पण बीपी जरासं वाढलं म्हणून सहसा डोकं दुखत नाही, हेही सांगत होते. कुठे दुखतं, किती वेळ दुखतं हे विचारून झालं की एक प्रश्न हमखास यायचा: "दुखतं तेव्हा तुम्ही काय करता?"

लावणीवरून आलेल्या एक मावशी म्हणाल्या, "पित्त उठतंय, डॉक्टर. उलटी झाली की मोकळं वाटतं."

"तेव्हा काय करता, मावशी?"

"काय करणार? दार लावून पडते. उजेड नको वाटतो, पोरांचा आवाजबी खपत नाही."

"एकाच बाजूला ठणकतं?"

"जास्त करून डावीकडं. आईचंबी असंच दुखायचं."

ही अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. मळमळ आणि उलटी हा त्या दुखण्याचाच भाग असतो, त्याचं मूळ पोटात नसतं. उपचार न केल्यास एक झटका 4 ते 72 तास टिकू शकतो. हालचालीने ठणका वाढतो, म्हणून माणूस अंधार शोधून निपचित पडतो. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट आहे. पाळीचे दिवस, मोडलेली झोप, कडक ऊन आणि उपास ही नेहमीची निमित्तं. मावशींचा सोमवारही होता आणि दिवसभर वाकून लावणीही. डॉक्टरांनी त्यांना दुखणं अंगावर न काढता सुरुवातीलाच गोळी घ्यायला सांगितलं. झटके वारंवार येत असतील तर ते येऊच नयेत म्हणून रोज घ्यायची वेगळी औषधं असतात, हेही समजावलं.

हिंजवडीतल्या तरुणाचं उत्तर अगदी वेगळं होतं. "काही नाही, काम चालू ठेवतो. संध्याकाळी डोक्याला पट्टा आवळल्यासारखं होतं." डॉक्टरांनी त्याच्या मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंवर बोटं दाबली, तसा तो कळवळला. ही ताणाची डोकेदुखी, सगळ्यांत जास्त आढळणारी. दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं दुखतं, पण उलटी होत नाही आणि चालण्याफिरण्याने वाढत नाही. त्याला शंका सायनसची होती. सायनसच्या संसर्गात दुखण्याबरोबर घट्ट पिवळा शेंबूड, चोंदलेलं नाक, कधी ताप असतो. त्यातलं काहीच नव्हतं.

एका आजोबांना मात्र प्रश्न विचारायच्या आधीच डॉक्टर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. डावा गाल स्वच्छ दाढी केलेला, उजव्या गालावर खुंट वाढलेले. आजोबा ओठ न हलवता बोलत होते. वस्तरा लागला, घास चावला, मोटरसायकलवर वारा लागला की गालातून विजेसारखी कळ जाते. काही सेकंदांत थांबते आणि पुन्हा येते. "तेव्हा काय करता?" या प्रश्नावर त्यांनी जागच्या जागी ताठ होऊन दाखवलं. हात गालाजवळ नेला, पण गालाला लावला नाही. दाढेचं दुखणं समजून दोन दाढा आधीच काढून झाल्या होत्या.

चेहऱ्याची संवेदना ट्रायजेमिनल नावाची नस वाहून नेते. तिच्या तीन फांद्या आहेत: कपाळाची, गालाची आणि जबड्याची. मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी या नसेवर टेकली की अशा कळा येऊ शकतात. इथे एमआरआय हवाच. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही. कार्बामाझेपिनसारखं नसेची खळबळ शमवणारं औषध लागतं, आणि ते चालू असताना रक्ताच्या तपासण्याही.

या आजोबांच्या अगदी उलट वागतो तो क्लस्टर डोकेदुखीचा रोगी. हे दुखणं तसं विरळ. एका डोळ्यामागे भोसकल्यासारखं होतं, तोच डोळा लाल होऊन गळतो, त्याच बाजूचं नाक वाहतं. हा माणूस पडून राहूच शकत नाही, रात्री उठून अंगणात येरझाऱ्या घालतो. 15 मिनिटं ते 3 तासांत दुखणं थांबतं आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत येतं. मास्कमधून जोरात दिलेल्या ऑक्सिजनने त्यातल्या अनेकांना आराम पडतो.

काही दुखण्यांत मात्र प्रश्नोत्तरांत वेळ घालवायचा नसतो. क्षणात उठलेली, आयुष्यात कधी झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी. ताप आणि ताठ मान. हातापायातली ताकद जाणं, बोबडी वळणं, शुद्ध हरपणं. डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरची जोराची डोकेदुखी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, नजर अंधुक करणारी डोकेदुखी. यातलं काहीही दिसलं तर थेट मोठं रुग्णालय गाठायचं, गाडी नसेल तर 108 ला फोन करायचा.

बाकीच्यांना डॉक्टरांनी एकच गृहपाठ दिला. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहितो तिथेच डोकं दुखलेल्या दिवशी फुली मारायची आणि गोळी घेतली तर तिच्याभोवती गोल करायचा. महिन्यात 15 किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या, किंवा 10 दिवस मिश्र गोळ्या, असं काही महिने चाललं तर त्या गोळ्याच डोकेदुखी कायम ठेवतात. दुकानातून सुट्टी गोळी घेणाऱ्याला हा आकडा कधीच दिसत नाही.

डोकं दुखतं एवढंच सांगून थांबू नये. कुठे, किती वेळ, कशाने वाढतं आणि दुखताना आपण काय करतो, हे ठरवून बघावं आणि डॉक्टरांना सांगावं. तसं झालं तर कितीतरी दाढा वाचतील, आणि पित्त म्हणून सोसलेल्या अर्धशिशीला वेळेवर औषध मिळेल.