पर्वताचें हृदय

स्यमंतक मण्याची कथा आपणांपैकीं बहुतेकांनीं गणेशचतुर्थीच्या निमित्तानें ऐकलेली असेल. सूर्यानें सत्राजिताला दिलेला तो मणि रोज आठ भार सोनें देत असे. परंतु कथा संपल्यावर तें सोनें आपल्या मनांत राहत नाहीं. राहतो तो प्रसेनाचा मृत्यु, श्रीकृष्णावर आलेला चोरीचा आळ, आणि सत्राजितानें मणि देऊं केला असतांही तो न स्वीकारणारा श्रीकृष्ण. रत्न हातीं आलें असतां माणूस कसा वागतो, हाच अशा कथांचा खरा विषय होय.

आज ज्या रत्नाविषयीं मी बोलणार आहें, तें पुराणांतील नाहीं. जे. आर. आर. टोल्किन हे १९२५ पासून १९४५ पर्यंत ऑक्सफर्ड येथें अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक होते. १९३७ सालीं त्यांची ‘हॉबिट’ ही मुलांसाठीं लिहिलेली कादंबरी प्रसिद्ध झाली. तींतील कल्पित सृष्टींत ‘आर्केनस्टोन’ नांवाचें एक रत्न आहे. हें नांव त्यांनीं जुन्या इंग्रजींतील एका शब्दावरून घेतलें. त्या शब्दाचा अर्थच मुळीं ‘मौल्यवान रत्न’ असा असून ‘बेवुल्फ’ या प्राचीन काव्यांत तो आलेला आहे.

एका एकाकी पर्वताच्या मुळाशीं खुज्या लोकांना हें रत्न सांपडलें. त्यांनीं त्याला पैलू पाडले. तें स्वतःच्या तेजानें प्रकाशतें आणि त्यावर पडलेल्या प्रकाशाच्या सहस्र ठिणग्या करून परत फेंकतें. त्याला ‘पर्वताचें हृदय’ म्हणत. मात्र एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हें रत्न सोनें देत नाहीं, रोग बरा करीत नाहीं, शत्रूला भस्म करीत नाहीं. त्याच्या अंगीं सौंदर्याखेरीज दुसरें सामर्थ्य नाहीं. मग त्याच्यासाठीं एवढा कलह कां व्हावा?

याचें उत्तर थोरिन या राजपुत्राच्या मनांत आहे. स्मॉग नांवाच्या अग्नि ओकणाऱ्या ड्रॅगननें त्याच्या पूर्वजांचें राज्य व निधि बळकाविला होता. थोरिनला तें रत्न म्हणजे कुळाचा वारसा व गेलेलें राज्य वाटे. पुढें स्मॉग मेला, पण तो थोरिनच्या हातून नव्हे. बार्ड नांवाच्या धनुर्धरानें त्याला मारलें, आणि त्या संग्रामांत सरोवरावरील नगर उद्ध्वस्त झालें. त्या निराश्रित लोकांनीं निधींतील वांटा मागितला. मागणी न्याय्य होती. परंतु सैन्य दाराशीं उभें करून केलेली मागणी मान्य करण्यास थोरिन तयार होईना, आणि सोन्याच्या मोहानें तो अधिकच हट्टास पेटला.

रत्न मात्र थोरिनजवळ नव्हतेंच. त्याचा सोबती बिल्बो या लहानखुऱ्या हॉबिटला तें अगोदरच सांपडलें होतें. त्याची मूठही त्यावर मिटेना, एवढें तें मोठें होतें. करारान्वयें निधीचा चौदावा हिस्सा आपला आहे, तोच हा समजूं, अशी मनाची समजूत घालून त्यानें तें लपविलें. म्हणजे मोह त्यालाही झालाच. परंतु युद्ध अटळ दिसूं लागलें तेव्हां तो रात्रीं दोरावरून उतरून बार्डच्या छावणींत गेला, आणि तडजोडीसाठीं उपयोगीं पडावें म्हणून तें रत्न त्याच्या हवालीं केलें. देतांना त्याचा जीव कांपला. इतकेंच नव्हे, तर शत्रूच्या आश्रयास सुरक्षित न राहतां तो त्याच रात्रीं आपल्या सोबत्यांकडे परतला.

ही चोरी, कीं दान? लेखकानें निवाडा दिलेला नाहीं. ज्याचें मन दोषी असतें तो पळून जातो, आणि बिल्बो परत आला, एवढें आपण लक्षांत ठेवावें. त्यानें स्वतः होऊन थोरिनपुढें कबुली दिली, तेव्हां थोरिन त्याला तटावरून खालीं लोटण्यास निघाला होता.

हा सौदा यशस्वी झाला असता तर कथा सोपी झाली असती. थोरिननें रत्नाच्या बदल्यांत चौदावा हिस्सा कबूल केला, पण मनांत मात्र हिस्सा न देतां रत्न परत मिळविण्याचा बेत चालूच ठेवला. अखेर समान शत्रु चालून आला म्हणून भांडणारे एक झाले. त्या युद्धांत थोरिन प्राणांतिक जखमी झाला. मरणशय्येवर त्यानें बिल्बोला बोलावून आपले कठोर शब्द मागें घेतले. बार्डनें तें रत्न थोरिनच्या छातीवर ठेवून त्याला पर्वताच्या पोटांत पुरलें. नव्या राजानें बार्डला चौदावा हिस्सा दिला. बिल्बोनें दोन लहान पेट्या तेवढ्या घेतल्या, एक सोन्याची व एक रुप्याची, आणि तो घरीं गेला.

आपल्या घरींही वडिलोपार्जित दागिन्यावरून भावाभावांत अबोला धरलेला आपण पाहतों. तो दागिना कोणास कांहीं करीत नाहीं. तो पेटींत पडून असतो. कस लागतो तो पेटीभोवतीं उभ्या असलेल्या माणसांचा. आर्केनस्टोनची किंमत थोरिनला कळली, पण ती मरतेवेळीं. बिल्बोला ती हातांतून रत्न सोडतांना कळली.